परदेशी रुग्णांमुळे देशाला किती उत्पन्न मिळेल? अंदाज कसा बांधतात आणि तो कुठे फसतो

मस्कतहून मुंबईला यायला विमानाला तीन तासही लागत नाहीत. समजा, तिथले एक साठीचे गृहस्थ दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी पत्नीला घेऊन मुंबईत आले. रुग्णालयाचे बिल झाले ६ लाख रुपये. टाके निघून आधाराशिवाय चार पावले टाकता येईपर्यंत परत जाता येणार नव्हते, म्हणून त्यांनी रुग्णालयाजवळ तीन आठवड्यांसाठी एक सदनिका भाड्याने घेतली. तिचे ९० हजार झाले. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे २० हजार, जेवणखाण, टॅक्सी, फोनचे सिमकार्ड आणि अरबी दुभाष्याचा मेहनताना मिळून ६० हजार, आणि निघण्याआधी पत्नीने क्रॉफर्ड मार्केटात आणि मोहम्मद अली रोडवर केलेली खरेदी ८० हजारांची. येण्याजाण्याची तिकिटे ७० हजारांची, पण ती ओमानच्या विमान कंपनीची. हे रुग्णालय सुचवणारा मस्कतचा एजंट रुग्णालयाकडून बिलाच्या १५ टक्के, म्हणजे ९० हजार रुपये घेतो. गुडघ्यांत बसवलेले कृत्रिम सांधे आणि काही औषधे परदेशातून आलेली. त्यांची आयात किंमत १ लाख धरू.

हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. आता प्रश्न असा, की या एका रुग्णामुळे भारताला किती उत्पन्न मिळाले? रुग्णालयाच्या हिशेबाने ६ लाख. देशात खर्च झालेला सगळा पैसा धरला तर साडेआठ लाख. विमानाची तिकिटेही त्यात मिळवली तर ९ लाख २० हजार. परदेशात परत गेलेले कमिशन आणि आयातीचा खर्च वजा केला तर साडेआठ लाखांतले ६ लाख ६० हजार देशात उरले. रुग्ण एक, गुडघे दोन आणि उत्तरे चार. त्यांतले सर्वांत मोठे उत्तर सर्वांत लहान उत्तराच्या दीडपटीहून अधिक आहे. "वैद्यकीय पर्यटनातून देशाला अमुक सालापर्यंत इतके अब्ज डॉलर मिळतील" असे भाकीत वाचताना म्हणूनच पहिल्यांदा विचारायला हवे, की यांपैकी कोणता हिशेब मांडला आहे. या क्षेत्रातील अंदाजांची चूक लोक पुढच्या वर्षांत शोधतात. माझ्या मते ती आधी आजच्या मोजणीत शोधावी.

देशाचा परदेशांशी होणारा सारा आर्थिक व्यवहार ज्या हिशेबात मांडला जातो, त्याला अर्थशास्त्रात व्यवहारतोल म्हणतात. भारतात तो रिझर्व्ह बँक तयार करते आणि त्याचे नियम आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने घालून दिलेले आहेत. या नियमांप्रमाणे परदेशी रुग्णाने इथे केलेला खर्च, मग तो उपचारांचा असो वा राहण्याजेवणाचा, 'प्रवास' या सदरात जातो आणि आरोग्यासाठीचा प्रवास हा त्या सदराचा एक पोटविभाग ठरतो. विमानाचे भाडे मात्र 'वाहतूक' या वेगळ्या सदरात मोडते. मुंबईत बसून एखाद्या डॉक्टरने नैरोबीतल्या रुग्णाला व्हिडिओवरून सल्ला दिला आणि फी घेतली, तर ती आरोग्यसेवेची निर्यात झाली, प्रवास नव्हे. रुग्ण उपचारांसाठी वर्षाहून अधिक काळ इथे राहिला, तरी त्याला त्याच्या मूळ देशाचाच रहिवासी मानले जाते. नियम इतके स्पष्ट आहेत, मग अडचण कुठे येते? अडचण येते ती पैसा ज्या वाटांनी येतो त्या वाटांवर.

आपल्या उदाहरणातील गृहस्थांनी रुग्णालयाचे पैसे मस्कतच्या बँकेतून थेट पाठवले असतील, तर इथल्या बँकेत ते जमा होताना कशासाठी आले याचा संकेतांक नोंदवला जातो आणि ती रक्कम उपचारांच्या खात्यावर दिसू शकते. पण त्यांनी काउंटरवर कार्ड दिले असेल, किंवा खिशातले रियाल मनी चेंजरकडे बदलून रोख भरले असतील, तर तो पैसा सर्वसाधारण पर्यटकाच्या पैशात मिसळून जातो. सदनिकेचे भाडे, टॅक्सी आणि क्रॉफर्ड मार्केटातली खरेदी तर त्यातच मिसळणार. त्यामुळे केवळ बँकांच्या नोंदींवरून वैद्यकीय पर्यटनाचे उत्पन्न काढू गेल्यास ते प्रत्यक्षाहून कमी दिसते. ही उणीव भरून काढण्यासाठी बहुतेक अंदाजकर्ते दुसरा मार्ग धरतात. तो म्हणजे रुग्णांची संख्या गुणिले दरडोई खर्च.

हे सूत्र शाळकरी मुलालाही समजेल इतके सोपे आहे, आणि त्यातले दोन्ही आकडे तितकेच निसरडे आहेत.

आधी संख्या पाहू. देशात येणाऱ्या परदेशी नागरिकांची नोंद इमिग्रेशनच्या काउंटरवर होते आणि येण्याच्या उद्देशानुसार तिची विभागणी पर्यटन मंत्रालय दरवर्षी प्रसिद्ध करते. वैद्यकीय कारणासाठी आलेल्यांची संख्या २०१३ मध्ये सुमारे २.३७ लाख, २०१४ मध्ये १.८४ लाख, २०१५ मध्ये २.३४ लाख, २०१६ मध्ये ४.२७ लाख, २०१७ मध्ये ४.९५ लाख, २०१८ मध्ये ६.४१ लाख आणि २०१९ मध्ये ६.९७ लाख अशी नोंदली गेली. २०१५ ते २०१६ या एका वर्षात ती ८० टक्क्यांहून अधिक वाढलेली दिसते. शेजारच्या देशांतील आजार एका वर्षात इतके वाढत नाहीत आणि आपल्या रुग्णालयांतील खाटाही इतक्या वाढत नाहीत. अशी उडी दिसली की व्हिसाचे नियम, नोंदीची पद्धत किंवा दोन्ही बदलले असावे, असा संशय आधी घ्यावा. पूर्वी पर्यटक म्हणून येऊन उपचार घेणारा माणूस पुढे वैद्यकीय व्हिसावर येऊ लागला, तर आकडा वाढतो, पण देशाच्या उत्पन्नात एक रुपयाचीही भर पडत नाही. २०१४ च्या अखेरीस सुरू झालेल्या ऑनलाइन पर्यटन व्हिसावर अल्पकालीन उपचारांची मुभा होती आणि २०१७ पासून वैद्यकीय ई-व्हिसाचा स्वतंत्र प्रकार आला. यातली प्रत्येक सोय रुग्णांसाठी चांगलीच होती, परंतु आकड्यांची मालिका वाचणाऱ्याला तिने प्रत्येक वेळी थोडे चकवले.

दुसरी गोष्ट रुग्णासोबत येणाऱ्यांची. वैद्यकीय व्हिसावर आलेल्या रुग्णाबरोबर दोन नातेवाइकांना येता येते. गणितात रुग्ण आणि सोबती वेगळे ठेवले नाहीत तर काय होते, ते पाहा. समजा ७ लाख माणसे आली आणि दर रुग्णामागे ५,००० डॉलर खर्च झाला. सातही लाख रुग्ण असतील तर उत्पन्न साडेतीन अब्ज डॉलर. त्यांतले निम्मे सोबती असतील आणि त्यांचा खर्च त्या ५,००० मध्येच आला असेल, तर उत्पन्न पावणेदोन अब्ज. पावणेदोन अब्ज डॉलरचा फरक केवळ एका व्याख्येमुळे पडला.

तिसरी गोष्ट आपल्या घरांतली. माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते. दर दोन-तीन वर्षांनी डिसेंबरात ती ठाण्याला येते आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरांची वेळ घेते. मागच्या खेपेला तिने दोन रूट कॅनॉल, तीन कॅप, नवऱ्याचा चष्मा आणि सासूबाईंच्या नावावर चालणाऱ्या प्रयोगशाळेतून सगळ्यांच्या रक्ततपासण्या असे सारे तीन आठवड्यांत उरकले. तिच्याकडे ओसीआय कार्ड आहे, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारे कार्ड. तिला व्हिसा लागत नाही आणि येण्याचे कारण विचारले तर ती नातेवाइकांना भेटायला आले असेच सांगते, ते खरेही आहे. तिचा नवरा अजून भारतीय पासपोर्टवर आहे, म्हणजे तो परदेशी नागरिकांच्या मोजणीत येतच नाही. पुणे, ठाणे, नाशिक, पणजी इथल्या किती दवाखान्यांत डिसेंबर-जानेवारीत अशी गर्दी असते, हे त्या भागात राहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. हा पैसा खराखुरा परदेशातून आलेला आहे, पण वैद्यकीय पर्यटनाच्या सरकारी आकड्यात त्याची नोंद होत नाही. म्हणजे एका बाजूने सोबत्यांमुळे संख्या फुगते आणि दुसऱ्या बाजूने अनिवासी भारतीयांमुळे ती आखडते. दोन चुका एकमेकींना नेमक्या तोलतील अशी आशा करणे म्हणजे अंदाज नव्हे.

आता दरडोई खर्च. २०१९ मध्ये भारतात सुमारे १.०९ कोटी परदेशी पर्यटक आले आणि पर्यटनातून सुमारे ३० अब्ज डॉलरचे परकीय चलन मिळाले, म्हणजे सरासरी माणशी सुमारे २,७५० डॉलर. हीच सरासरी ६.९७ लाखांना लावली तर वैद्यकीय पर्यटनाचे उत्पन्न सुमारे १.९ अब्ज डॉलर येते. ही अगदी ढोबळ पट्टी आहे. बायपास करून घेणाऱ्याचा खर्च ताजमहाल पाहणाऱ्याहून जास्त असणार, तर सीमेपलीकडून बसने येऊन बाह्यरुग्ण विभागात दाखवून तिसऱ्या दिवशी परतणाऱ्याचा खर्च कितीतरी कमी. मलेशियाचे उदाहरण इथे उपयोगी पडते. तिथे २०१९ मध्ये सुमारे १२ लाख आरोग्य-प्रवासी नोंदले गेले आणि उत्पन्न सुमारे १७० कोटी रिंगिट सांगितले गेले. भागाकार केला तर माणशी सुमारे १,४०० रिंगिट, त्या वेळच्या दराने साडेतीनशे डॉलरही नाही. मलेशियातले उपचार भारताच्या आठपट स्वस्त आहेत का? मुळीच नाही. तिथला पैशाचा आकडा रुग्णालयांच्या कमाईपुरता आहे, हॉटेल आणि खरेदी त्यात नाही. शिवाय इंडोनेशियातून पेनांगला वार्षिक तपासणीसाठी येणारी माणसेही संख्येत धरलेली आहेत. दोन देशांची तुलना करणारा तक्ता समोर आला की त्यातली एकके जुळतात का, हे तपासल्याशिवाय तो वाचू नये.

एवढे झाले की मग भविष्याकडे वळता येते. सर्वांत प्रचलित पद्धत म्हणजे गेल्या काही वर्षांचा चक्रवाढ वाढदर काढून तोच पुढे चालू ठेवणे. वर दिलेल्या आकड्यांवरच हा प्रयोग करून पाहू. २०१४ ते २०१९ या पाच वर्षांत संख्या १.८४ लाखांवरून ६.९७ लाखांवर गेली, म्हणजे दरसाल ३० टक्क्यांहून थोडी अधिक वाढ. पण सुरुवातीचे वर्ष २०१४ ऐवजी २०१३ घेतले, तर वाढदर २० टक्क्यांच्या किंचित खाली येतो, कारण २०१३ चा आकडा मोठा होता आणि २०१४ मध्ये तो घसरला होता. हे दोन दर २०१९ नंतर पाच वर्षे पुढे चालवले तर २०२४ साठी एका हिशेबाने सुमारे २६ लाख आणि दुसऱ्या हिशेबाने सुमारे १७ लाख प्रवासी येतात. तेच आकडे, तेच सूत्र, फक्त आरंभीचे वर्ष एकाने अलीकडे-पलीकडे, आणि उत्तरात नऊ लाखांचा फरक. प्रत्यक्षात २०२४ मध्ये सुमारे ६.४४ लाख आले. मध्ये कोविडची साथ आली. मार्च २०२० मध्ये थांबलेली नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे मार्च २०२२ च्या अखेरीस सुरू झाली आणि २०२० मध्ये वैद्यकीय प्रवासी १.८३ लाखांवर आले होते. साथीचे भाकीत कोणी करावे अशी अपेक्षा नाही. पण दरसाल ३० टक्क्यांनी वाढ पाच वर्षे अखंड चालेल, हे गृहीतक साथीशिवायही टिकले नसते, कारण सुरुवातीची संख्या लहान असताना मिळालेला दर मोठ्या संख्येला लावता येत नाही.

जुनी भाकिते तपासून पाहण्याची एक साधी रीत आहे, ती मी नेहमी वापरतो. भाकितातली रक्कम त्या वर्षी आलेल्या माणसांच्या संख्येने भागावी. भारतीय उद्योग महासंघ आणि मॅकिन्झी यांच्या २००२ च्या अहवालात वैद्यकीय पर्यटनातून २०१२ पर्यंत १०,००० कोटी रुपयांपर्यंत उत्पन्न होऊ शकेल असे म्हटले होते. त्या विधानाला एक अट होती. उच्च दर्जाच्या खासगी रुग्णालयांच्या उत्पन्नात परदेशी रुग्णांचा वाटा २५ टक्क्यांपर्यंत गेला तर, अशी ती अट होती. पुढे वर्तमानपत्रांत आणि भाषणांत आकडा राहिला आणि 'तर' गळून पडला. २०१२ मध्ये वैद्यकीय कारणासाठी नोंदले गेलेले परदेशी नागरिक होते सुमारे १.७१ लाख, भागाकार येतो माणशी ५.८ लाख रुपये, आणि तोही २०१२ च्या रुपयांत. २०१५ मध्ये भारतीय उद्योग महासंघ आणि ग्रँट थॉर्नटन यांनी तेव्हाचे उत्पन्न ३ अब्ज डॉलर धरून ते २०२० पर्यंत ७ ते ८ अब्ज होईल असे म्हटले. २०२० साल साथीचे म्हणून बाजूला ठेवू आणि त्याच्या आदल्या, आजवरच्या चांगल्या वर्षाची ६.९७ लाख ही संख्या घेऊ. माणशी १०,००० डॉलरहून अधिक खर्च व्हायला हवा, आणि त्यात सोबत आलेला भाऊ, कडेवरचे मूल आणि दोन दिवसांत परतलेला बाह्यरुग्ण हे सगळे आले. पर्यटक व्हिसावर येणारे आणि अनिवासी भारतीय मिळवले तर ही रक्कम थोडी खाली येईल, तरी ती पटण्याजोगी होत नाही. उद्योगसंस्थांचे अहवाल अनेकदा काय घडवून आणता येईल याचे चित्र रंगवतात, आणि ते त्यांचे कामच आहे. ते चित्र अंदाज म्हणून पुढे नेणाऱ्यांनी मात्र हा भागाकार करायला हवा होता.

अधिक जबाबदार पद्धत देशवार जाते. एका देशातून दुसऱ्या देशात किती लोक जातील याचा विचार करताना अर्थतज्ज्ञ गुरुत्व प्रारूप वापरतात. दोन वस्तूंमधले आकर्षण त्यांच्या वस्तुमानाने वाढते आणि अंतराने घटते, तसेच दोन देशांमधली ये-जा लोकसंख्येने व उत्पन्नाने वाढते आणि अंतराने घटते, ही त्यामागची कल्पना. त्यात थेट विमान आहे का, भाषा जुळते का, व्हिसा किती दिवसांत मिळतो, आणि तोच उपचार घरी किंवा तिसऱ्या देशात कितीला पडतो, हे घटक मिळवले जातात. भारताच्या बाबतीत हे प्रारूप चालवले की एक नाव सगळ्यांच्या वर येते, ते बांगलादेशचे. २०१९ मध्ये भारतात वैद्यकीय कारणाने आलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक बांगलादेशी होते. कोलकात्याला तेव्हा बसने वा रेल्वेने येता येई, डॉक्टरांशी बांगलात बोलता येते, आणि अवघड दुखण्यासाठी पुढे वेल्लोर किंवा चेन्नईला जाण्याची वाट कित्येक कुटुंबांच्या माहितीची आहे.

प्रारूपात न मावणारी गोष्ट २०२४ मध्ये घडली. त्या वर्षी जूनमध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीला आल्या असताना भारताने बांगलादेशी नागरिकांसाठी वैद्यकीय ई-व्हिसा सुरू करण्याची घोषणा केली. त्या आठवड्यात कोणी पुढच्या वर्षाचा अंदाज बांधला असता, तर त्याने तो वर नेला असता, आणि ते योग्यच ठरले असते. ५ ऑगस्टला हसीना यांनी देश सोडला, तिथली भारतीय व्हिसा केंद्रे काही काळ बंद राहिली आणि नंतर तातडीच्या व वैद्यकीय कारणांपुरतेच मर्यादित व्हिसा मिळू लागले. त्याचा परिणाम रुग्णालयांच्या आकडेवारीत दिसण्याआधी कोलकात्याच्या रस्त्यावर दिसला. न्यू मार्केटजवळचा मार्क्विस स्ट्रीट आणि फ्री स्कूल स्ट्रीटचा भाग 'मिनी बांगलादेश' म्हणूनच ओळखला जातो. तिथली लॉज, पैसे बदलून देणारी दुकाने, बसची तिकीटघरे आणि खाणावळी ओस पडल्या. या पैशाची नोंद कोणत्याही रुग्णालयाच्या बिलात नव्हती, पण रुग्ण थांबताच तो थांबला. आणि थांबलेली मागणी आपली वाट पाहत बसत नाही. मार्च २०२५ पासून बांगलादेशी रुग्णांचे गट चीनमधील कुनमिंगच्या रुग्णालयांत जाऊ लागले. एकदा तिथला डॉक्टर, तिथला दुभाषा आणि तिथला मार्ग ओळखीचा झाला, की व्हिसा पूर्ववत झाल्यावरही सगळेच रुग्ण परत येतील असे धरता येत नाही. अंदाजात ही 'परतीची गळती' स्वतंत्र धरावी लागते.

इतर देशांच्या बाबतीत दुखरी नस वेगवेगळी आहे. नायजेरियाची नस चलनात आहे. जून २०२३ मध्ये तिथल्या सरकारने नायराचा दर बाजारावर सोडला. त्याआधी एका डॉलरला सुमारे ४६० नायरा पडत. २०२४ च्या सुरुवातीच्या महिन्यांत तो दर १,५०० च्या घरात गेला. भारतातील रुग्णालयाने ८,००० डॉलरच्या हृदयशस्त्रक्रियेचा दर एका डॉलरनेही वाढवला नाही, तरी लागोसच्या कुटुंबासाठी तीच शस्त्रक्रिया सुमारे ३७ लाख नायरांवरून १ कोटी २० लाखांवर गेली. अफगाणिस्तानची नस सत्तेत होती. दिल्लीच्या लाजपतनगरात एके काळी फार्सी पाट्यांची औषधदुकाने अफगाण रुग्णांवर चालत. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान सत्तेवर आल्यावर भारताने आधी दिलेले सगळे अफगाण व्हिसा रद्द केले. मालदीवचा प्रकार निराळा. तिथल्या नागरिकांच्या भारतातील उपचारांचा खर्च मोठ्या प्रमाणावर त्यांच्या सरकारची 'आसंधा' ही योजना उचलते, त्यामुळे तिथे रुग्णाच्या खिशापेक्षा सरकारच्या तिजोरीकडे आणि दोन सरकारांच्या संबंधांकडे पाहावे लागते. पश्चिम आशियातील रुग्णांना मुंबई जवळची आहे, पण तिथली सरकारे आपल्याच देशात मोठी रुग्णालये उभारत आहेत, म्हणून साध्या शस्त्रक्रियांची मागणी कमी होऊन गुंतागुंतीच्या उपचारांची टिकून राहण्याची शक्यता अधिक.

संख्या आणि उत्पन्न एकाच चालीने चालत नाहीत, हे ध्यानात घेण्यासाठी आणखी एक कल्पित उदाहरण पुरेसे आहे. शंभर रुग्ण आहेत. साठ शेजारच्या देशातले, प्रत्येकी खर्च दीड लाख रुपये. चाळीस दूरचे, प्रत्येकी ६ लाख. एकूण उत्पन्न ३ कोटी ३० लाख. शेजारचे निम्मे घटले तर रुग्णसंख्या ३० टक्क्यांनी पडते, पण उत्पन्न १४ टक्क्यांच्या आतच घटते. उलट, दूरच्यांपैकी फक्त दहा घटले तर रुग्णसंख्या १० टक्क्यांनी पडते आणि उत्पन्न १८ टक्क्यांनी. केवळ माणसे मोजून बातमी देणाऱ्याला पहिला धक्का मोठा वाटेल, परकीय चलनाचा हिशेब ठेवणाऱ्याला दुसरा. कोलकात्याच्या लॉजमालकासाठी मात्र पहिलाच मोठा, आणि त्याचे नुकसान खरे आहे.

रुपयांत मांडलेले भाकीत वाचताना आणखी एक काळजी घ्यावी. १ अब्ज डॉलर म्हणजे २०१४ मध्ये सुमारे ६,१०० कोटी रुपये होते आणि २०२४ मध्ये सुमारे ८,३०० कोटी. एकही रुग्ण न वाढता रुपयांतले उत्पन्न एक तृतीयांशाहून अधिक वाढलेले दिसते.

मागणीइतकाच पुरवठ्याचा विचार व्हायला हवा. अतिदक्षता विभागातील खाट, अनुभवी परिचारिका आणि भूलतज्ज्ञ यांची संख्या वर्षभरात दुप्पट करता येत नाही. अवयव प्रत्यारोपणात तर नियमच आडवा येतो, आणि तो यायलाच हवा. मृत दात्याचा अवयव आधी भारतीय रुग्णाला, परदेशी नागरिकाचा क्रम सर्वांत शेवटी. एखाद्या अंदाजात प्रत्यारोपणाचे उत्पन्न दरसाल वेगाने वाढताना दाखवले असेल, तर ते अवयव कोणाचे, हे विचारायला संकोच करू नये. खाटा तितक्याच असताना परदेशी रुग्णांची संख्या वाढली, तर कोणाची तरी शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते. त्या रुग्णाचे नुकसान परकीय चलनाच्या कोणत्याही तक्त्यात येत नाही.

मग अंदाज मांडावा तरी कसा? आपल्याकडे याचा उत्तम नमुना दर एप्रिलमध्ये पाहायला मिळतो. हवामान विभाग मोसमी पावसाचा अंदाज देताना दीर्घकालीन सरासरीच्या इतके टक्के, आणि त्यात ५ टक्के कमी किंवा जास्त, असे सांगतो. शिवाय सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतका आणि जास्त पाऊस पडण्याची शक्यता किती टक्के, हेही देतो. शेतकरी, धरणांचे अभियंते आणि बँका त्या पट्ट्याकडे पाहून आपापले बेत ठरवतात. वैद्यकीय पर्यटनाचा अंदाजही असाच पट्ट्याने द्यायला हवा. बांगलादेशचे व्हिसा पूर्ववत होतील आणि होणार नाहीत, अशा दोन वाटा धराव्यात. प्रत्येक वाटेत पश्चिम आशिया आणि आफ्रिका यांचा वेगळा वाढदर ठेवावा. दरडोई खर्च रुग्णाचा आणि सोबत्याचा निराळा लिहावा. आणि शेवटी येणाऱ्या कमीत कमी व जास्तीत जास्त आकड्यांमध्ये दुपटीचे अंतर पडले तर ते लपवू नये. २०२५–२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात परदेशी रुग्णांना भारतात आणण्याच्या 'हील इन इंडिया' मोहिमेचा आणि सुलभ व्हिसाचा उल्लेख झाला, रुग्णालये नवे मजले चढवत आहेत, तरुण मुले दुभाष्याचे काम शिकत आहेत. चुकीच्या अंदाजावर उभे राहिलेले कर्ज आणि शिक्षण शेवटी यांनाच फेडावे लागते, म्हणून हा विषय मला केवळ आकडेमोडीचा वाटत नाही.

मोजणी सुधारणे अशक्य मुळीच नाही. तुर्कस्तानात देश सोडून जाणाऱ्या प्रवाशांची नमुना पाहणी नियमित होते आणि तीत आरोग्य हे कारण व झालेला खर्च विचारला जातो. भारतातही आंतरराष्ट्रीय प्रवाशांच्या पाहण्या पूर्वी झालेल्या आहेत, पण त्या दरवर्षी आणि उपचारांवर भर देऊन व्हायला हव्यात. मुंबईच्या विमानतळावर मस्कतला निघालेल्या त्या गृहस्थांना पाच प्रश्न पुरेत. उपचार कोणते घेतले, सोबत किती जण होते, रुग्णालयाला किती दिले, रुग्णालयाबाहेर किती खर्च झाला आणि पैसे कोणी भरले. आणि त्यांच्या मागे न्यू जर्सीतल्या नेवार्कच्या विमानासाठी रांगेत उभ्या असलेल्या, नव्या कॅपा बसवून निघालेल्या ओसीआय कार्डवाल्या बाईंना हेच प्रश्न विचारण्याआधी एक सहावा प्रश्न विचारावा लागेल, की नातेवाइकांना भेटण्याखेरीज या खेपेला आपण एखाद्या डॉक्टरांकडेही गेला होतात का.